संकल्पातला देशकाल: वर्षभराचे एक लक्ष्य कसे ठरवावे आणि तडीस कसे न्यावे

सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानाचे लक्ष बहुधा आलेल्या पाहुण्यांकडे नाहीतर सोवळ्याच्या सुटू पाहणाऱ्या निऱ्यांकडे असते, आणि त्यामुळे गुरुजी त्याच्याकडून नेमके काय वदवून घेत आहेत हे त्याच्या ध्यानात येत नाही. उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन तो जे म्हणतो त्यात आधी ठिकाण येते: जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य देश, गोदावरीचे दक्षिण तीर. मग काळ येतो: शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्यानंतर स्वतःचे गोत्र आणि नाव, मग हेतू, मग कोणते कर्म करणार ते, आणि सर्वांत शेवटी ‘करिष्ये’ हे क्रियापद. ते उच्चारले की पाणी ताम्हनात सोडायचे. याला देशकालाचा उच्चार म्हणतात.

१ जानेवारीला किंवा पाडव्याला आपण जो ‘संकल्प’ करतो त्यात या सगळ्यापैकी केवळ हेतू शिल्लक असतो. वजन कमी करायचे, इंग्रजी सुधारायचे, पैसे साठवायचे. कोठे, केव्हा, कोणी आणि नेमके काय करायचे याचा त्यात पत्ता नसतो, आणि माझ्या मते लक्ष्ये फसतात ती इच्छाशक्तीच्या अभावापेक्षा या देशकालाच्या अभावामुळे अधिक. पुढील मार्गदर्शन त्याच भरवशावर लिहिले आहे. उदाहरण म्हणून माझेच एक लक्ष्य घेते, कारण त्यातील चुका मला आतून ठाऊक आहेत: मोडी लिपी वाचायला शिकणे. आपले लक्ष्य पोहण्याचे असो, कर्ज फेडण्याचे असो वा राहिलेली पदवी पूर्ण करण्याचे, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

इच्छेचे लक्ष्य करणे

सासरच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. त्यात काही खरेदीखते होती, एक गहाणखत होते आणि बरीच पत्रे होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकवली जात असे. आमच्या घरातील ती वाचू शकणारी शेवटची व्यक्ती गेली आणि तो गठ्ठा मुका झाला. ‘मोडी शिकायची’ असे मी तेव्हापासून सात-आठ वर्षे म्हणत होते. ही इच्छा होती, लक्ष्य नव्हते, कारण ते पूर्ण झाले हे कोणत्या दिवशी ओळखायचे याला काहीच उत्तर नव्हते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: हे काम संपेल त्या दिवशी टेबलावर काय ठेवलेले असेल? माझ्या बाबतीत उत्तर मिळाले ते असे: गठ्ठ्यातील गहाणखताचे, दोन पाने आणि चोपन्न ओळी, माझ्या हातचे देवनागरी लिप्यंतर, जाणकाराने तपासलेले. पोहणाऱ्यासाठी ते ‘न थांबता पन्नास मीटर’ असेल, कर्ज फेडणाऱ्यासाठी बँकेचा ना-हरकत दाखला असेल. टेबलावर ठेवता येत नाही, निदान दुसऱ्याला दाखवता येत नाही, अशा उत्तरावर समाधान मानू नये. ‘आत्मविश्वास वाढेल’ हे उत्तर नव्हे, तो झाला तर वरचा नफा.

लक्ष्य नेमके, मोजता येण्यासारखे, मुदतीचे असावे ही पाच मुद्द्यांची कसोटी आज प्रत्येक प्रशिक्षण वर्गात सांगितली जाते. ती ‘स्मार्ट’ या, पाच इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडली, आणि मांडली ती कंपन्यांतील व्यवस्थापकांसाठी. मूळ मांडणीत मधला ‘ए’ हा ‘हे काम कोणाकडे सोपवले’ यासाठी होता. ‘साध्य होण्याजोगे’ हा अर्थ पुढे रूढ झाला. स्वतःच्या लक्ष्याबाबत काम कोणाकडे हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण तो विचारून पाहावा. ‘मुलाला मराठी वाचनाची गोडी लावायची’ या लक्ष्यात काम आपले किती आणि मुलाचे किती? दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असलेले लक्ष्य आपले होण्यासाठी ‘रोज रात्री मी त्याला दहा मिनिटे वाचून दाखवीन’ असे बदलून घ्यावे लागते.

मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी लक्ष्यनिश्चितीवर काही दशके केलेल्या कामाचा गाभा असा, की ‘जमेल तेवढे करा’ यापेक्षा नेमके आणि अवघड लक्ष्य माणसाकडून अधिक काम करून घेते. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. काम पूर्णतः नवीन असेल तेव्हा निकालाचे अवघड लक्ष्य माणसाला गोंधळात टाकते. तेथे आधी शिकण्याचे लक्ष्य ठेवलेले बरे. म्हणून पहिले तीन महिने मी ‘इतक्या ओळी’ असे न म्हणता ‘बाराखडीतील प्रत्येक अक्षराची दोन वळणे ओळखता येणे’ एवढेच समोर ठेवले.

एका वेळी एकच लक्ष्य घ्यावे. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी मागील वर्षीची यादी काढून पाहावी.

मुदत ठरवण्यापूर्वी मोजणी

बहुतेक जण आधी मुदत ठरवतात आणि मग काम तीत बसवू पाहतात. हा क्रम उलटा असावा. काम किती वेळ खाईल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमी आशावादी असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या दोषाचे वर्णन केले. कॅनडातील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. याहून बोलका भाग असा, की ‘सगळेच बिघडले तर किती दिवस लागतील’ या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही सरासरी ४९ दिवसांच्या आतच होते.

यावर उपाय म्हणजे दोन आठवड्यांची चाचणी. मुदत न ठरवता काम सुरू करावे आणि घड्याळ लावून नोंद ठेवावी. चाचणीत मला पेशवेकालीन पत्राची एक ओळ लावायला पंचवीस मिनिटे लागली, आणि तीही छापील बाराखडी शेजारी उघडी ठेवून. नंतर हिशेब केला. वर्षाचे बावन्न आठवडे. त्यातून गणपती, दिवाळी, मार्चअखेरची बँकेतील धावपळ, मे महिन्यातील लग्ने आणि घरातील एखादे आजारपण यांचे बारा आठवडे वजा केले. उरले चाळीस. आठवड्यातून पाच बैठका, प्रत्येकी अर्ध्या तासाची, म्हणजे वर्षाला शंभर तास. हे शंभर तास हीच माझी खरी पुंजी होती. गठ्ठ्यातील सगळे कागद वाचण्याचे मनोराज्य त्यात बसत नव्हते, एक गहाणखत बसत होते. लक्ष्य लहान झाले याचे तेव्हा वाईट वाटले खरे.

पैशाचे लक्ष्य असेल तर हीच चाचणी दोन महिन्यांच्या खर्चाच्या वहीने करावी; आधी बचतीचा आकडा ठरवून मग खर्च पाहणाऱ्याचा महिना बहुधा वीस तारखेलाच संपतो.

देशकाल

आता संकल्प लिहावा, आणि तो पूजेच्या संकल्पासारखाच भरगच्च लिहावा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असे लिहिले आहे: ‘सोमवार ते शुक्रवार, सकाळी पाणी भरून झाल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, मी अर्धा तास मोडी लिहीन अथवा वाचीन, हेतू, पुढील दिवाळीपर्यंत गहाणखताच्या चोपन्न ओळी लावणे.’

‘सकाळी सहाला’ असे न लिहिता ‘पाणी भरून झाल्यावर’ असे का, हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा. घड्याळातील वेळ आपल्याला हाक मारत नाही, घडून गेलेली गोष्ट मारते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोलवित्झर यांनी ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ या स्वरूपाच्या निश्चयांचा बराच अभ्यास केला आहे. १९९७ मध्ये त्यांनी सहकारी संशोधिकेबरोबर प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक लहानसा वृत्तांत लिहून पाठवायचा होता. तो कोठे आणि केव्हा लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी लिहून घेतले होते, त्यांच्यातील काम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट निघाले. इच्छा दोन्ही गटांची सारखीच होती. आपल्या गुरुजींना यात नवल वाटणार नाही.

स्थळाबाबत एक बारीक गोष्ट: बैठकीचे साहित्य आदल्या रात्रीच मांडून ठेवावे. माझ्या टेबलावर आखीव वही, तिरका कापलेला बोरू, शाई आणि भिंग रात्रीच ठेवलेले असे. बोरू शोधण्यात गेलेली चार मिनिटे ही चार मिनिटे नसतात. त्या वेळात माणूस मोबाइल उचलतो आणि बैठक तेथेच संपते.

पायऱ्या कशा पाडाव्यात

शिकण्याचा कोणताही विषय पुस्तकातील प्रकरणांप्रमाणे विभागला जातो, आणि मला वाटते की तेथेच पुष्कळांची उमेद संपते, कारण पहिले खरे फळ नवव्या प्रकरणात असते. पायऱ्या पाडताना असे पाहावे की प्रत्येक पायरीवर, ती कितीही कच्ची असली तरी, खऱ्या कामाचा एक तुकडा हाती लागावा.

मोडीत हे कसे जमते ते सांगते. आधी पानभर शिरोरेषा आखून घ्यायच्या आणि मग त्यांना अक्षरे लटकवत जायचे, हात शक्य तितका न उचलता. काना, मात्रा जोडताना अक्षराचे वळण बदलते. एकट्या ‘र’ची रूपे ध्यानात ठेवताना जीव मेटाकुटीला येतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, विरामचिन्हे नसतात, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. म्हणून वाचण्यापूर्वी लिहायला शिकावे: ज्या वळणातून हात गेला आहे ते डोळ्याला पटकन ओळखू येते. पहिले पंचवीस तास मी केवळ गिरवण्यात घालवले.

त्यानंतर बाराखडी पक्की होण्याची वाट न पाहता मी पेशवेकालीन पत्रांचे मायने घेतले. पेशवाईतील अक्षर आंग्लकालीन कागदांपेक्षा सुबक असते, आणि पत्राचा आरंभ ठरलेला असतो: ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य’ असे सुरू होऊन ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असिले पाहिजे’ असे काहीतरी येणार हे आधीच ठाऊक असते. पुढचा शब्द कोणता हे माहीत असताना अक्षर ओळखणे निम्मे सोपे होते. मायने हाती घेतल्यावर दुसऱ्या महिन्यातच अनोळखी पत्राच्या पहिल्या दोन ओळी मला सरळ वाचता येऊ लागल्या. तिसरी ओळ अजिबात येत नसे, तरीही दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसायला त्या दोन ओळी पुरत.

दुसरे लवकर मिळणारे फळ म्हणजे तारीख. या पत्रांत सुहूर सन या जुन्या कालगणनेतील वर्षाचा आकडा अरबी शब्दांत लिहितात. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने मृग ते डिसेंबर १७७१ आणि पुढे मृगापर्यंत १७७२. असे तिसेक शब्द आठवड्यात पाठ होतात. माझ्या गहाणखतावर इसवी सनाची तारीख होती, म्हणजे या शब्दांची मला काडीचीही गरज नव्हती. तरी तो आठवडा वाया गेला असे मी मानत नाही, कारण एक कागद माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो त्या आठवड्यात. मात्र याच निमित्ताने मी पुढे सरदार घराण्यांच्या वंशावळी चाळू लागले, आणि त्यात गेलेला आठवडा मात्र खरोखरच वाया गेला. आडवाट किती लांब जाऊ द्यायची याला एक बैठक किंवा एक आठवडा अशी मर्यादा आधीच घालावी.

नोंद

भिंतीवरच्या कॅलेंडरावर बैठक झाली की फुली. वहीत दर शुक्रवारी एक आकडा: अर्ध्या तासात किती ओळी लागल्या. याहून अधिक नोंद ठेवू नये. नोंदी सजवण्यात रमणारा माणूस कामापासून पळत असतो. फुली मेहनतीची आहे आणि आकडा प्रगतीचा, आणि दोन्ही स्वतंत्रपणे पाहावे लागतात. फुल्या भरपूर पण आकडा हलत नसेल तर पद्धत चुकते आहे. आकडा चढतो आहे पण फुल्या विरळ असतील तर वेळ बदलावी लागेल.

आकड्याचा एक दगाही सांगते. चौथ्या महिन्यात माझ्या ओळी एकदम वाढल्या आणि मी खूश झाले. नंतर लक्षात आले की नकळत मी सुवाच्य पत्रे निवडू लागले होते. तेव्हापासून महिन्यातील शेवटचा शुक्रवार गहाणखताचाच, असा नियम केला. त्या दिवशीचा आकडा लाजिरवाणा असे, पण खरा असे.

खंड पडतो तेव्हा

सवय एकवीस दिवसांत लागते असे म्हणतात ते विसरावे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यांक ६६ होता, आणि व्यक्तीगणिक हे दिवस १८ पासून २५४ पर्यंत बदलत होते. त्याच अभ्यासातील दिलासा असा, की एखादा दिवस चुकल्याने एकंदर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. माझ्या अनुभवात नुकसान करते ते चुकलेल्या दिवसानंतरचे अवघडलेपण. काही वर्षांपूर्वी मी एका संध्याकाळच्या मोडी वर्गाला नाव घातले होते. लेखापरीक्षणामुळे लागोपाठ दोन तास बुडाले, तिसऱ्या आठवड्यात ‘आता सगळे पुढे गेले असतील’ म्हणून गेले नाही, आणि भरलेली फी तशीच राहिली.

म्हणून परत येण्याचा रस्ता आधीच बांधून ठेवावा. माझा नियम असा होता: खंड पडल्यानंतरची पहिली बैठक दहाच मिनिटांची, आणि तीत नवे काही नाही, आधी लावलेले पान पुन्हा मोठ्याने वाचायचे. बुडालेल्या बैठका भरून काढायच्या नाहीत. थकबाकी चढली की माणूस सावकाराला टाळतो तसा वहीला टाळू लागतो.

शिवाय अडथळे अनोळखी नसतात, ते ठरावीक असतात, तेव्हा त्यांच्यासाठीही ‘घडले तर’ची वाक्ये लिहावीत. पाहुणे असतील तर बैठक दुपारच्या सुट्टीत बँकेत. डोके दुखत असेल तर केवळ गिरवणे. मी न लिहिलेला अडथळा मात्र एप्रिलमध्ये आला: गावातील पाणी एक दिवसाआड झाले. पाणी भरून झाल्यावर बसायचे ठरलेले, आणि पाणीच येईना. दोन आठवड्यांत फुल्या निम्म्यावर आल्या तेव्हा कारण कळले, आणि मग सकाळचा चहा हा नवा खुंटा धरला. आपला खुंटा दुसऱ्याच्या हाती नाही ना हे निवडतानाच पाहावे.

तपासणारा माणूस

लक्ष्य चारचौघांत जाहीर करावे, म्हणजे लाजेखातर पुरे होते, असा सल्ला देतात. मला तो पटत नाही. ‘मोडी शिकते आहे’ असे सांगितल्यावर जे कौतुक मिळते त्यातच अर्धी भूक भागते. जाहीर करण्यापेक्षा काम तपासून घेणारा एक माणूस शोधावा आणि त्याला महिन्यातून एकदा केलेले काम दाखवावे. मोडीसाठी अशी माणसे सापडतात: राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, आणि १९१० साली वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांभोवती जुने कागद हाताळणारे जाणकार असतात. मला भेटलेले निवृत्त शिक्षक चुकीच्या अक्षराभोवती पेन्सिलने गोल काढत आणि उत्तर सांगत नसत. पहिल्या पानावर एकतीस गोल होते.

दर तीन महिन्यांनी

तीन महिन्यांनी एक बैठक केवळ आढाव्यासाठी ठेवावी. लक्ष्य अजून हवे आहे का, उरलेले तास आणि उरलेले काम जुळते का, काय सोडता येईल, एवढेच पाहावे. आढावा ठरलेल्या दिवशीच करावा, कंटाळा आलेल्या दिवशी नव्हे, कारण त्या दिवशी प्रत्येक लक्ष्य निरर्थक वाटते. आणि शांत डोक्याने पाहूनही ते नकोसे वाटले तर तारीख घालून, कारण लिहून सोडून द्यावे. जुलैच्या आढाव्यात माझा हिशेब चार आठवड्यांनी तुटत होता. मुदत वाढवणे किंवा बैठक पाऊण तासाची करणे असे दोन मार्ग होते. पाऊण तास चहानंतर बसत नव्हता, म्हणून मुदत वाढवली.

गहाणखत दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी लागले. शेवटच्या चार ओळी साक्षीदारांच्या होत्या. तिघांची नावे नीट लागली, चौथ्या नावापुढे एक आकृती होती जी मी कितीतरी दिवस ‘ळ’चे कोणतेसे जोडाक्षर समजत होते. शिक्षकांनी या वेळी गोल काढला नाही. भिंग माझ्या हातात दिले आणि आकृतीशेजारचे बारीक अक्षर वाचायला सांगितले: ‘निशाणी नांगर’. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याने सहीऐवजी नांगर काढला होता.

गठ्ठ्यात अजून अकरा कागद आहेत. दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या खरेदीखताचा देशकाल लिहून ठेवला आहे. त्यात बैठक पाणी भरल्यानंतरची नाही, चहानंतरची आहे, आणि मुदत दिवाळीची नसून होळीची आहे, कारण कागद एकोणीस ओळींचा आहे.